आठ तारखेची तिसरी पाळी

मुलगी झाल्यावरची रजा संपवून वेणू कामावर आली, त्या दिवशी तिने ईडीपीत, म्हणजे कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्यात, सगळ्यांना पेढे वाटले. कुणी तिथेच तोंडात टाकला, कुणी पोरांसाठी रुमालात बांधून नेला. शरदचंद्राने मात्र हात पुढे केला नाही. "ठेवा तिथे," म्हणून त्याने टर्मिनलच्या डोक्याकडे बोट दाखवलं. पेढा तिथेच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या, तेव्हा त्याने तो पट्टीने कचऱ्याच्या डब्यात ढकलला, पट्टी पुसली आणि वर ऐकवलं, "खायच्या वस्तू मशीनजवळ आणत जाऊ नका, मॅडम."

"बरं," म्हणून वेणू कामाला लागली. नोकरी अजून कच्ची होती. सहा महिन्यांची उमेदवारी बाळंतपणाच्या रजेमुळे लांबत लांबत फेब्रुवारीवर आली होती. चौऱ्याण्णव सालच्या त्या फेब्रुवारीच्या बारा तारखेला, शनिवारी, तिची फाईल पर्सोनेलला जायची होती. साहेबांनी 'योग्य' लिहिलं की कायमचं पत्र, नाही तर घरी. बदलापूर गावातल्या दोन खोल्यांत सात महिन्यांची गौतमी, सासू गयाबाई आणि उल्हासनगरच्या एका कारखान्यात पाळ्या करणारा नवरा अनंता, एवढे जीव त्या पत्राकडे डोळे लावून होते. गयाबाई तर नात रडली की म्हणायची, "उगी गं बाय, तुझी आय परमन्ट व्हायची हाय."

अंबरनाथच्या त्या रंगाच्या कारखान्यात एकच मोठं मशीन होतं. काचेच्या खोलीत, एसीत. बाहेर आठ टर्मिनलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माल, हजेरी, गेटपास, सगळं त्या एका मशीनवर चालायचं, आणि कुणाचा प्रोग्राम किती वेळ मशीन अडवून बसतो यावरून रोज चकमक उडायची. म्हणून सिस्टीम ऑफिसर शरदचंद्राने स्वतः एक हत्यार लिहिलं होतं. त्याचं नाव घडी. 'घडी' टाईप करून पुढे वेळ सांगितली की त्या वेळात मशीन कुणी किती खाल्लं याचा कागद छापून यायचा. हत्यार चांगलंच होतं, आणि वेणू तसं मोकळेपणाने म्हणायचीही. घोडं अडायचं ते वेळ सांगण्यात.

कारण वेळ सांगायला शरदचंद्राने सात शेपट्या ठेवल्या होत्या. एक आडवी रेघ, एक अक्षर आणि पुढे आकडा, ही झाली एक शेपटी. सुरुवात कधी, त्याची एक. शेवट कधी, त्याची एक. किती मिनिटं, त्याची तिसरी. शेवटची किती मिनिटं, त्याची चौथी. पाळी कुठली, तारीख कुठली, आणि सुरुवातीची किती मिनिटं सोडून द्यायची, अशा आणखी तीन. त्या एकमेकींशी भांडायच्या आणि भांडण बाहेर कळायचं नाही. शेवट आणि मिनिटं दोन्ही दिलीत, तर शेवट गपचूप गिळला जायचा. पाळी दिलीत, तर सुरुवात आणि शेवट दोन्ही गायब. घडीने अखेर कुठली वेळ धरली, हे कागदावर कुठेच यायचं नाही.

"साहेब, कुठून कुठपर्यंत मोजलंय तेवढं वर छापून आलं तर?" वेणूने एकदा विचारून पाहिलं होतं.

"ज्याला कळतं त्याला छापावं लागत नाही," शरदचंद्र म्हणाला. "आणि ज्याला कळत नाही, त्याने घडीला हात लावू नये."

नऊ तारखेच्या बुधवारी सकाळी मशीन बसलं. म्हणजे बंद नाही पडलं, पण एक अक्षर टाईप केलं की ते उमटेपर्यंत चहा पिऊन यावा. गेटवर परदेशी जायच्या मालाचे पाच ट्रक सहापासून उभे, आणि त्यांची पॅकिंग लिस्ट निघाली साडेदहाला. ड्रायव्हर लोकांनी हॉर्न वाजवून अख्खं खातं डोक्यावर घेतलं. मग डायरेक्टरांचा फोन आला. खात्याचे मॅनेजर गुरुदत्त साहेब फोनवर उभे राहून बोलत होते. खाली ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"रात्री मशीन कुणी खाल्लं?" ते म्हणाले. "मला उद्या कागद हवा."

गुरुवारी कागद आला. टर्मिनल ऑपरेटर हिंदुरावने घडी चालवली होती, शरदचंद्राने कागद फाडून साहेबांपुढे ठेवला होता. वेणूला बोलावलं तेव्हा तिची ओळ लाल पेनाने अधोरेखित झालेली होती. माल-साठ्याचा प्रोग्राम, वेणू रोकडे, शंभरातले एकाहत्तर.

"एकाहत्तर टक्के, मिसेस रोकडे," गुरुदत्त साहेब म्हणाले.

"साहेब, पण माझा प्रोग्राम त्या रात्री नव्हताच. मी तो मंगळवारी पहाटे लावला होता. तुमची सही आहे त्यावर."

"मग हा कागद काय खोटं बोलतो?"

शरदचंद्र खिडकीशी उभा होता. "कागद नाही बोलत खोटं," तो म्हणाला. "होतं असं. घरी लहान मूल, झोप नाही. मंगळवारी लावला की बुधवारी, राहत नाही लक्षात. आमच्या मिसेसचंही झालं होतं. पण ती घरी बसली होती."

वेणू टेबलाशी सरकली. "माझ्या लक्षात आहे, साहेब."

"तसं कौतुकच आहे तुमचं," शरदचंद्र अगदी मऊ आवाजात म्हणाला. "तुमच्यात आता सगळेच शिकतात. पण शिकणं वेगळं आणि सिस्टीम कळणं वेगळं. सिस्टीम रक्तात लागते."

गुरुदत्त साहेबांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं आणि कागद तिच्या फाईलला टाचला. टाचणी आरपार गेली. "शनिवारी बघू," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर ती सरळ बाथरूममध्ये गेली. चार वाजले होते. चारला गौतमी दूध प्यायची, आणि पोर बदलापुरात असली तरी अंगाला ते बरोबर कळायचं. ब्लाऊज ओला झाला होता. बेसिनवर वाकून तिने दूध पिळून टाकलं आणि पांढरे थेंब नळाखाली वाहून जाताना बघत राहिली. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तेवढं तिने पाळलं.

शुक्रवारी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी. सकाळी आठला अनंता तिसऱ्या पाळीहून आला, हातपाय धुऊन त्याने लेकीला पोटावर घेतलं आणि डोळे मिटून पडला. गौतमी त्याच्या मिशा ओढत होती.

"बुधवारी सकाळी हिला डोस द्यायचाय," वेणू भाकरी थापताना म्हणाली. "मला रजा मागायची सोय नाही आता. तू नेशील?"

"कॅलेंडर बघ की. काय लिहिलंय मंगळवारच्या घरात?"

भिंतीवरच्या कॅलेंडरात अनंता आपल्या पाळ्या लिहून ठेवायचा. पंधरा तारखेच्या, मंगळवारच्या घरात पेन्सिलीने तीनचा आकडा होता.

"तीन."

"मग झालं. मंगळवारची तिसरी. बुधवारी सात वाजता सुटतो, आठला घरी. नेतो माझ्या राणीला."

"सुई असंल तर मी न्हाय येनार," गयाबाई मधूनच म्हणाली. "मला बगवत न्हाय."

वेणूचा हात परातीत थांबला. भाकरी एका बाजूला जाड राहून गेली. तीन वर्षं हे घर याच रीतीने चालत होतं. रात्री अकराला सुरू झालेली पाळी दुसऱ्या दिवशी उजाडता सुटते, पण ती आदल्याच तारखेची. हजेरी त्या तारखेची, लॉगबुक त्या तारखेचं, भत्ता त्या तारखेचा. अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंत कुठल्याही कारखान्यातल्या कुठल्याही कामगाराला विचारा, तो हेच सांगेल. पण शरदचंद्राने आयुष्यात तिसरी पाळी केली नव्हती. त्याची तारीख रात्री बाराला बदलायची.

"हिंदुरावने लॉगबुक बघून आठ टाकली असणार," ती स्वतःशीच म्हणाली.

"कोन हिंदुराव?" अनंताने डोळे न उघडता विचारलं. "आणि भाकरी जळते."

शनिवारी ती पाऊण तास आधी पोचली. हिंदुराव पहिल्या पाळीला होता, तोंडात तंबाखू धरून टेप लावत होता. वयाने पन्नाशीचा, कॉम्प्युटर येण्याआधी याच कारखान्यात पॅकिंगला असलेला माणूस.

"हिंदुराव, परवा घडी चालवली तेव्हा तारीख कुठली टाकलीत?"

"आठ. पाळी तीन, तारीख आठ." तो सावध झाला. "का वो, म्याडम? लॉगबुकात तेच हाय. मंगळवारची थर्ड. मी सोताच होतो ना त्या रात्री."

"लॉगबुक बरोबर आहे. तुम्हीही बरोबर."

तिने घडीचा प्रोग्राम पडद्यावर उघडला आणि पाळीची ओळ शोधली. होतं ते तसंच होतं. पाळी तीन म्हणजे दिलेल्या तारखेच्या रात्री बारापासून सकाळी सातपर्यंत. अकरा ते बारा हा तास तर शरदचंद्राने सरळ सोडून दिला होता. म्हणजे साहेबांच्या टेबलावरचा कागद होता मंगळवार पहाटेचा, जेव्हा तिचा प्रोग्राम रीतसर परवानगीने, रिकाम्या मशीनवर चालला होता. ज्या रात्री मशीन खरोखर कुणी खाल्लं, त्या रात्रीचा कागद अजून निघालाच नव्हता.

तिने तो काढला. पाळी नाही, मिनिटं नाही. फक्त सुरुवात आणि शेवट, दोन्हीकडे पूर्ण तारखा लिहून. प्रिंटर करकरत होता, तेव्हा हिंदुराव तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. पहिली ओळ उमटली आणि त्याने तोंडातला तंबाखू गिळला की काय असं त्याचं तोंड झालं.

टेप बॅकअप, तपासणीसकट. शरदचंद्र. शंभरातले अडुसष्ट.

"सोनिवलीला प्लॉटची पूजा होती त्यांची बुधवारी," हिंदुराव हळूच म्हणाला. "म्हनून सकाळचा बॅकअप रात्रीच लावून गेले. मला म्हनले, पाचपर्यंत संपतोय." जरा थांबून तो म्हणाला, "म्याडम, माझं नाव नका घेऊ."

दहा वाजता केबिनमध्ये चौघं होते. वेणूने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. शरदचंद्र ऐकताना टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत होता. त्याने दुसरा कागद बघितला आणि एका क्षणात रस्ता शोधला.

"म्हणजे ऑपरेटरने चुकीची तारीख घातली," तो म्हणाला. "हिंदुराव, नऊ घालायला हवी होती ना? एवढंही कळत नाही? इतकी वर्षं काय झोपा काढल्या?"

हिंदुराव जमिनीकडे बघत राहिला.

"खरं आहे," गुरुदत्त साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. "ऑपरेटरची चूक. मिसेस रोकडे, तुमच्यावर काही नाही मग. हा कागद मी काढतो फाईलमधून. हिंदुरावला एक मेमो देऊ. विषय संपला."

विषय खरंच संपला असता. वेणूला नुसतं गप्प बसायचं होतं. पत्र सहीवर आलं होतं, टाचणी निघत होती. घरी कॅलेंडराखाली झोपलेलं बाळ तिला दिसलं. पण ज्या घरात तिसरी पाळी आदल्या तारखेला लिहितात, त्या घरातून ती आली होती. हिंदुरावची चूक ती अनंताचीही चूक होती.

"चूक हिंदुरावांची नाही, साहेब," ती म्हणाली.

"अहो, आता तुमचं काम झालंय ना?"

"हिंदुरावांनी लॉगबुकात आहे तेच टाकलं. लॉगबुकवर तुम्ही रोज सही करता, त्यात आठ तारखेची तिसरी आठच असते. कारखान्यातल्या कुणालाही बोलावून विचारा. चूक घडीची आहे. एक वेळ सांगायला सात शेपट्या ठेवल्यात, आणि ती अखेर काय धरते ते सांगतही नाही. आज हिंदुराव, परवा मी. उद्या तुमच्या नावाचा कागद येईल."

"सात आहेत कारण सात लागतात," शरदचंद्र म्हणाला. आवाजातला मऊपणा आता गेला होता. "कुणाला मिनिटं लागतात, कुणाला पाळी. विचार करून केलंय ते. तुम्ही जन्माला... तुम्ही कंपनीत यायच्या आधी."

"एक लागते," वेणू म्हणाली. "कुठपासून, स्वल्पविराम, कुठपर्यंत. तारखेसकट. डावं सोडलं तर अगदी सुरुवातीपासून. उजवं सोडलं तर आत्तापर्यंत. त्यात तुमच्या सातही बसतात. आणि जी वेळ धरली ती कागदाच्या डोक्यावर छापायची."

"आणि पाळी?" गुरुदत्त साहेबांनी विचारलं.

"पाळी नको. पाळीची तारीख मशीनची वेगळी आणि माणसाची वेगळी. तास लिहिले की भांडण नाही."

"मला जमंल ते," हिंदुराव जमिनीकडे बघतच म्हणाला. "अकरा ते सात. त्यात काय इसरायचं."

गुरुदत्त साहेबांनी दोन्ही कागद जवळ ओढले. शरदचंद्राच्या अडुसष्ट टक्क्यांखाली त्यांनी लाल रेघ मारली नाही. वेणूने ते पाहिलं. "बॅकअप काय, करावाच लागतो," ते पुटपुटले. "मशीनवर लोड होता, असं कळवतो वर."

परवा एकाहत्तर टक्क्यांना नाव होतं. आज अडुसष्टांचा नुसता लोड झाला.

"कळवा साहेब," वेणू म्हणाली. "पण पहिला कागद माझ्या फाईलमधून काढू नका. तो तिथेच राहू द्या, आणि दुसरा त्याच्या शेजारी टाचा. एक काढला तर उद्या कुणी म्हणेल, काहीतरी होतं, ते काढलं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग टाचणी परत आरपार घातली, या खेपेला दोन कागदांतून, आणि तिच्या फाईलवर 'योग्य' लिहिलं. अक्षर बारीक होतं. हिंदुरावच्या मेमोचं नाव निघालं नाही.

"आठवड्यात करा तुमची ती एक शेपटी," ते म्हणाले.

दाराशी शरदचंद्र तिच्या जवळून गेला. "शेपट्या काढा हव्या तेवढ्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझं नाव वर आहे, त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार. घडी तुमचीच आहे."

पाच दिवस तिने ते काम जेवणाच्या सुट्टीत आणि चारच्या आधीच्या पंधरा मिनिटांत केलं. सातांच्या जागी एक. खरं काम थोडंच होतं. वेळ गेला तो एका निरोपात. कुणी सवयीने जुनी शेपटी लावली, तर घडीने काय म्हणायचं? मनात आलं ते तिने आधी लिहून पाहिलं: 'ज्याला कळत नाही, त्याने हात लावू नये.' हिरव्या अक्षरांत ते झकास दिसत होतं. तिने ते दोनदा वाचलं. मग तिला हिंदुराव आठवला, सकाळी साडेसहाला डोळे चोळत टर्मिनलशी बसलेला. तिने ते खोडलं आणि इंग्रजी अक्षरांत साध्या मराठीतच लिहिलं की ही शेपटी आता नाही, वेळ अशी द्या, आणि खाली एक नमुना: आठ तारीख तेवीस वाजता, स्वल्पविराम, नऊ तारीख सात वाजता. नमुन्याला हीच तारीख का, ते खात्यात चौघांना माहीत होतं. सर्वांत वर शरदचंद्राचं नाव तसंच राहिलं. स्वतःचं तिने कुठेच घातलं नाही.

सोमवारी दुपारी शरदचंद्र शेजारच्या टर्मिनलवर बसला. बोटं सवयीने धावली: घडी, पाळी, तारीख. पडद्यावर निरोप आला. त्याने तो वाचला, खालचा नमुना वाचला. वेणू आपल्या पडद्याकडे बघत होती. त्याने मान वळवून खात्री केली की ती बघत नाही, आणि पुन्हा टाईप केलं, सावकाश, एका बोटाने, स्वल्पविरामासकट.

कागद निघाला. तो घेऊन तो तिच्या टेबलाशी आला आणि त्याने तो हातात न देता टाकला.

"काल दुपारी दोन ते चार. तुमचा प्रोग्राम नऊ मिनिटं होता. मशीन बापाचं आहे का?"

तिने कागद उचलला. डोक्यावर वेळ छापलेली होती, कुठपासून, कुठपर्यंत, अगदी स्वच्छ. तिने खाली आपली ओळ शोधली. होती. नऊ.

"हो, नऊ मिनिटं माझीच आहेत," ती म्हणाली. "उद्यापर्यंत सहावर आणते."

तो आणखी काहीतरी ऐकायच्या तयारीने उभा होता. काही आलं नाही, तसा तो परत गेला. चार वाजत आले होते. वेणूने पदर छातीवर ओढून घेतला, कागदाची नीट घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि बाथरूमकडे निघाली.